इंजिनाच्या तोंडाची खिडकी
इस्त्रीवाल्याच्या कोळशाचा वास आला, की मला थोरल्या जाऊबाईंबरोबरचा एक प्रवास आठवतो. एकाहत्तर-बाहत्तरचं साल असेल. एका लग्नासाठी आम्ही दोघी नगरकडच्या बेलापूरला पुण्याच्या गाडीत चढलो. त्यांनी रुमाल टाकून इंजिनाच्या तोंडाची खिडकी धरली आणि मी त्यांच्यासमोर, इंजिनाकडे पाठ करून बसले. घरात पहिलं लुगडं त्यांचं, पहिला मान त्यांचा, आता वारासुद्धा त्यांचाच! त्यांच्या डोळ्यात कोळशाची कणी गेली, तर मला मेलीला तिचाही हेवा वाटला. नगर गेलं, ज्वारीची शेतं गेली, मी आपली जळतेच आहे. शेवटी दौंडच्या अलीकडे रडवेली होऊन म्हणाले, "अक्का, मला बसू द्या की तिकडं." त्या लगेच उठल्या. "बस गं बाई, पुण्यापतूर तुझीच हाय." मी राणीसारखी बसले. दौंडला इंजिन सुटलं, वळसा घालून गाडीच्या दुसऱ्या टोकाला लागलं आणि गाडी उलट्या तोंडानं निघाली. वारा पुन्हा अक्कांच्याच तोंडावर! पुण्याची गाडी तिथं तोंड फिरवते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "कसं काय वाटतंय?" त्यांनी विचारलं. "लई छान," मी म्हणाले. अक्का आता नव्वदीला टेकल्यात. अजून तेच विचारतात, आणि मीही अजून तेच सांगते.