पिळलेली वायर

तिचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. पाचला ती वर्कशॉपच्या फाटकाशी हजर. इंजिन रात्रभर निवलेलं असतं तेव्हाच सेन्सर खरं बोलतात, असं तिचं म्हणणं. मी सहाला येई. तो मधला एक तास मला सलायचा.

आम्ही तिला वायरवाली म्हणत असू. लग्न मोडून आईकडे परतलेली. आधी बस धुतल्या, मग वायरिंग शिकली. कोणी शिकवलं नाही, बघून शिकली. मी नोकरीत तिच्यापेक्षा एकवीस वर्षांनी जुना. त्या महिन्यात हेड मेकॅनिकची जागा रिकामी होणार होती आणि ती माझी, हे मी धरूनच चाललो होतो. बायकोही.

तेव्हाच नऊ नंबरची बस बिघडली. चढावर दम टाकायची, डॅशबोर्डवर दिवा लागायचा. स्कॅनर म्हणे, धूर बाहेर नेणाऱ्या नळीतला तापमानाचा सेन्सर गेला. मी नवा घातला. पाच दिवसांत बस परत दारात. दुसरा नवा घातला. परत तेच. आजवर एकही नट मी अर्धवट आवळून सोडलेला नाही, त्यामुळे झोंबलं फार.

“अहो, त्या पोरीला विचारा की,” बायको म्हणाली. “ती काय खाणार आहे तुम्हाला?”

“मला नाही. माझी जागा खाईल.”

मी विचारलं नाही. साहेबांनीच बस तिच्याकडे दिली. “सकाळपर्यंत कोणी चावी फिरवायची नाही,” तिने बजावलं. दुसऱ्या दिवशी मीही पाचला गेलो. मदतीला नव्हे, ती कुठे चुकते ते बघायला.

इंजिन गार होतं. नळीवर तीन सेन्सर. “आत्ता तिघांनीही बाहेरच्या हवेइतकंच दाखवायला हवं, काका,” असं म्हणून तिने स्कॅनर माझ्यापुढे धरला. तिन्ही आकडे एकवीस. माझाही. मला बरं वाटलं. मग तिने माझ्या सेन्सरची वायर मानेपाशी, जिथे ती सेन्सरमधून निघते तिथे, जराशी हलवली. आकडा नऊशेवर उडाला आणि खाली आला.

ती भंगाराच्या पेटीत कोपरापर्यंत शिरली. मी काढून टाकलेले दोन्ही सेन्सर शोधून तिने मीटर लावला.

“हा मूळचा. वयाने गेला. हा तुम्ही घातलेला पहिला नवा. हाही मानेपाशीच तुटलाय.” ती थांबली. “काका, वायरच्या टोकाचा प्लग आधी लावता आणि मग नट आवळता का?”

“तीस वर्षं. उघड्या प्लगात माती जाते.”

“नटाबरोबर सेन्सर फिरतो. प्लग अडकलेला असला की वायर पिळते.”

तिने तिसरा नवा घेतला. आधी आवळला, वायर मोकळी लोंबू दिली, शेवटी प्लग. दहा मिनिटं. मी तिच्या हातात खोट शोधत होतो. सापडली नाही.

साहेब आले. “काय निघालं?”

“वायर पिळली होती,” एवढंच बोलून ती हात पुसत राहिली.

माझं नाव घेतलं नाही. तेच मला सोसेना. तिने मला मागे टाकलं हे एक वेळ गिळलं असतं. वर तिने मला सांभाळून घ्यायचं?

“मी पिळली,” मी म्हणालो. “दोन्ही वेळा.”

जागा तिला मिळाली. “झालात हरिश्चंद्र?” एवढं म्हणून बायकोने दोन दिवस अबोला धरला. खरेपणा वगैरे काही नव्हतं. वायरवालीचे उपकार नको होते, इतकंच.

निवृत्त होईपर्यंत नऊ वर्षं मी तिच्या हाताखाली काढली. पहिल्या दिवशी तिने माझं काम तपासलं, नंतर कधी नाही. तेही मला लागलं.

त्या पगारावर तिने दोन खोल्यांचं घर घेतलं. मी अजून भाड्याच्याच घरात. जेवायला बोलावलं तेव्हा गेलो. तिथला प्रत्येक नळ फिरवून पाहिला, प्रत्येक दार लावून पाहिलं. एकही गळत नव्हता, एकही घासत नव्हतं. दारावर पाटी होती, फक्त तिच्या नावाची.