खाऊन झाल्यावरची घंटा

कल्लप्पाबद्दल मी काही लिहावं इतकी आमची ओळख नव्हती. त्याचं आडनावही मला ठाऊक नाही. नवी पेठेत गुरुसिद्धप्पाच्या हॉटेलात तो भजी तळायचा आणि समोरच्या कापडदुकानात दिवाणजी असलेला मी ती खायचो, एवढंच.

चौऱ्याहत्तर साल असेल. कौतुक झालं की कामगार झटून काम करतो, असं गुरुसिद्धप्पाने कुठेतरी ऐकलं. पगार वाढवण्यापेक्षा हे बरं, म्हणून त्याने दारात पितळी घंटा टांगली. खाऊन समाधान झालेल्या गिऱ्हाइकाने जाताना ती वाजवायची.

पण खेड्यावरून बाजाराला आलेली माणसं घंटा दिसताच चपला बाहेर काढत, आत शिरतानाच टण्णकन वाजवत आणि गल्ल्यावरच्या गुरुसिद्धप्पाला हात जोडत.

"अवो, आदी खावा की!" कल्लप्पा झारा घेऊन धावायचा. "न खाताच कसलं समाधान?"

"मला तर झालं बाबा," म्हणत एका म्हातारीने घंटेला हळदकुंकू लावलं.

मग सोमवारी नारळ फुटू लागले. गुरुसिद्धप्पाने त्यांची चटणी केली. वाढपी मायाप्पा तर टेबलावर पाणीही नेईना. "घंटा वाजली न्हवं? गिऱ्हाईक खूश हाय," म्हणायचा.

कल्लप्पा मात्र झुरू लागला. एकदा मला म्हणाला, "दसऱ्यापातूर एकानं तरी खाऊन वाजवली तर ऱ्हातो. न्हायतर गावी कुंभारीला जाऊन म्हशी राखतो."

मी नुसती मान हलवली. चारचौघांत घंटा वाजवायची माझी छाती नव्हती.

खंडेनवमीला धीर यावा म्हणून मी दोन प्लेट भजी खाल्ली. दारात आलो, डोळे मिटले आणि वाजवली. आरती सुरू झाली असं वाटून सगळं हॉटेल उभं राहिलं, टाळ्या वाजवू लागलं. मला बाहेर पडता येईना.

दसऱ्यानंतर आमच्या कापडदुकानाच्या मालकाने मला मोडनिंबच्या दुकानात धाडलं. कल्लप्पा हॉटेलातच राहिला, असं पुढे कळलं. भेट मात्र त्या खंडेनवमीचीच शेवटची. टाळ्या ऐकून तो तेलकट हातांनी बाहेर आला होता.

"कोण आलं?"

"आलं नाही. मी चाललोय."

"खाऊन वाजवली?"

"खाऊन."

तो घंटेकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मीठ जरा जास्त झालंय का, दिवाणजी?"

"जरासं."

"उद्या कमी टाकतो."

"टाक."