महालक्ष्म्यांच्या आधीची गोळी

जूनच्या शेवटच्या आठवड्यात हिंगणघाटच्या एका खासगी दवाखान्यात माझी डावी गर्भनलिका काढली. गर्भ नळीत राहिला होता आणि नळी फुटली होती. पोटात रक्त साचलं होतं. उजवी नळी शाबूत आहे, हे डॉक्टरीणबाईंनी मी शुद्धीवर आल्यावर सांगितलं.

नंतर बरेच दिवस थोडं थोडं तपकिरी रक्त जात राहिलं. पहिली पाळी जुलैअखेर आली. ती नेहमीपेक्षा जास्त होती, गाठी पडल्या, कंबर धरली. ऑगस्टमध्ये तारीख उलटली तरी पाळी आली नाही. तपासणी केली, गर्भ नव्हता. पाळी आपोआप येऊ द्या, मला न विचारता गोळी घेऊ नका, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आमच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसतात. त्या दिवसांत पाळी येऊ नये म्हणून घरातल्या सुना गोळ्या घेतात. लग्न झाल्यापासून मीही घेत होते. सणाच्या काही दिवस आधी मोठी जाऊ आर्वीहून आली. तिच्या पर्समध्ये नेहमीप्रमाणे दोन पाकिटं होती.

“घे वं, आजपासूनच सुरू कर.”

“मी नाई घेत, ताई.”

“काऊन? तुह्यासाठी महालक्ष्म्या थांबतीन काय?”

“त्याही बायाच आहेत. त्याइले समजन.”

जाऊ हसली. सासूबाई हसल्या नाहीत.

“आधीच पोटाचं असं झालं,” त्या मला म्हणाल्या, “त्यात देवीले नाराज करून राह्यली. लेकरू पायजे ना तुले?”

“पायजे. म्हणूनच नाई घेत, आई. पाळी आपल्या आपण येते का, ते मले पाहाचं आहे.”

“अन् ऐन जेवणाच्या दिवशी आली तं?”

“तं येईन. मी सांगीन.”

“मंग बाहेर बसा लागन.”

“नाई बसणार.”

नवरा दारात उभा होता. त्याने जाऊच्या हातातलं माझं पाकीट घेऊन फ्रिजवर ठेवलं. ते तिथे तसंच राहिलं.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सकाळी पाळी आली. रक्त पूर्वीइतकंच होतं. गाठी नव्हत्या. आंघोळ करून मी स्वयंपाकघरात गेले आणि दोघींना सांगितलं. सासूबाई आंबील ढवळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“आता काय काय पाहा लागन,” त्या म्हणाल्या.

जाऊच्या पुढ्यात सोळा भाज्यांचा ढीग होता. “आई, मले एकटीले हे होत नाई. पुरणाले कोण बसन?”

सासूबाई आंबील ढवळतच राहिल्या. मी पुरणयंत्र ओढून घेतलं आणि फिरवायला लागले. टाक्यांच्या जागी ताण आला की थांबत होते. पातेलं रिकामं होईपर्यंत मला कुणी उठवलं नाही. नैवेद्याचं ताट सासूबाईंनी वाढलं. त्यात पुरणपोळ्या होत्या.

पंगतीत एका पाहुणीने विचारलं, पुरण कोणी केलं?

“धाकटीनं,” सासूबाई म्हणाल्या आणि तूप वाढायला पुढे गेल्या.

पुढची पाळी नवरात्रात, वेळेवर आली. त्या दिवशीचा स्वयंपाक मी केला.