आत्याची अधू नजर

युगांडातल्या मसाकात रात्रभर पाऊस पडून सकाळी धुकं उतरलं होतं. नबातान्झीआत्या अंगणात बसून हिरवी केळी सोलत होती. शनिवारी वराकडची मंडळी तिच्या भाचीला, लंडनहून आलेल्या नामुलीला, मागणी घालायला येणार होती.

नामुली खांदा खाजवत बाहेर आली.

"हिवतापाच्या गोळ्या आणल्यास का गं?" आत्यानं विचारलं.

"त्या गोऱ्यांना लागतात, आत्या. मी इथंच जन्मले. आणि मच्छरदाणीत जीव गुदमरतो माझा."

"जन्मलीस इथं, पण चौदा वर्षांत रक्त विलायती झालं. तुझा चुलतभाऊ असाच फुशारला आणि स्वतःच्या लग्नात सलाईन लावून बसला. पाहुणे आधी बाटलीला भेटले, मग त्याला."

"मी नाही झोपणार मच्छरदाणीत," नामुली हसत म्हणाली.

आत्याची सुरी थांबली. त्यांच्या रिवाजात मागणीच्या दिवशी पाहुण्यांच्या घोळक्यातून नवरदेव ओळखून त्याला हार घालायचा मान आत्याचा, आणि ती ओळखेल तोच खरा.

"बरं. शनिवारी माझी नजर जरा अधू असंल. त्यांचा तो दोन दातांचा काका येणार आहे ना? हार त्याच्याच गळ्यात पडंल."

नामुलीचं हसू विरलं. "दवाखाना किती वाजता उघडतो?"

"नऊला. गोळ्या घे, आणि येताना मच्छरदाणीला दोरी आण."

नामुली छत्री घेऊन निघाली. आत्यानं केळीचा चीक लागू नये म्हणून हाताला पुन्हा तेल चोळलं आणि पुढचं केळं उचललं.