खलनायकाची कॉलर

चिखलीच्या एसटी स्टँडवर मी साखरखेर्ड्याच्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारच्या बाकावर, टीव्ही मालिकेत सुनेला छळणाऱ्या सासऱ्याचं काम करणारा नट शेंगदाणे खात बसला होता. तेवढ्यात एक मावशी आल्या. "रागावू नका भाऊ," म्हणत त्यांनी त्याची कॉलर धरली आणि मुलीला फोटो काढायला लावला. मग रांगच लागली. प्रत्येकाला कॉलरच धरायची होती. तो दर वेळी शेंगदाण्यांचा पुडा बाजूला ठेवी, मान मागे घेई आणि डोळे वटारी. एकाला तर म्हणाला, "जरा खालून धरा, चेहरा झाकून राह्यला."

मी न राहवून विचारलं, "राग नाही येत?"

"काऊन येईन? हीरोच्या बाजूले लोकं लाजून उभे राह्यतात. मले हक्कानं धरतात."

मी फोटोसाठी सरकलो, तेव्हा त्याने सवयीने कॉलर पुढे केली. मी कॉलर न धरता हात मिळवायला पुढे केला. तो क्षणभर गोंधळला, मग माझा हात दोन्ही हातांत घेऊन हसला.

घरी बायकोला फोटो दाखवला. ती मालिका ती कधी चुकवत नाही. फोटो मोठा करून ती म्हणाली, "माणूस मायाळू दिसते. कोणाकडचे पाहुणे हे?"