सोळा वेळा ‘बराबर’

किसनकाका गेल्याची बातमी मला वकिलांच्या ग्रुपवर कळली. वर कुणाचं तरी ‘शुभ सकाळ’चं गुलाबाचं फूल, खाली दुसऱ्या दिवशीच्या तारखांचा तक्ता, आणि दोहोंच्या मधे ‘टायपिस्ट किसनराव यांचे दुःखद निधन’. त्याखाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली. मी कोर्टाच्या व्हरांड्यात उभी होते. संताप आला... कुणाचा, ते नीट सांगता येणार नाही. आदल्याच आठवड्यात त्यांना म्हटलं होतं, काका, छातीत दुखतंय तर दवाखान्यात दाखवा. तर म्हणाले, “एवढं वाचून घेऊ ताई, मंग जातो.” आम्ही वाचून घेतलं. दवाखान्यात मात्र ते गेले नाहीत.

हिंगोलीच्या कोर्टासमोर दहा बाय आठच्या खोलीत त्यांचा सगळा जन्म टायपिंगमध्ये गेला. आधी मशीन, मग कॉम्प्युटर. पुढे लोकांच्या हाती फोन आले आणि बांधावरची भांडणं फोनमध्ये शिरली. धमक्या, कबुल्या, शिव्या, रडणं, सगळं रेकॉर्ड होऊन आमच्याकडे यायला लागलं. ते कोर्टापुढे ठेवायचं तर मूळ फोनमधून प्रत काढायची, बोलणं शब्दन् शब्द कागदावर उतरवायचं आणि तसं प्रमाणपत्र जोडायचं. हे काम काकांइतकं चोख कुणी करत नव्हतं, आणि त्यांच्याइतकं रेंगाळत कुणी करत नव्हतं, हेही सांगून टाकते. माणूस ‘न्हाई’ म्हणाला तर ते ‘न्हाई’च लिहायचे. खोकला लिहायचे. ‘इथं तो गप्प बसला’ असंही लिहायचे. आता हे काम फोनमधलं ॲप मिनिटात करतं, पण ते सगळ्यांना पुणेरी बोलायला लावतं आणि माणसाचं गप्प बसणं गाळून टाकतं.

शिवाय तो आकडा. प्रत्येक रेकॉर्डिंगचा कॉम्प्युटर एक लांबलचक आकडा काढून देतो, चौसष्ट अंक-अक्षरांचा. रेकॉर्डिंगमध्ये केसाएवढा फरक पडला तरी सगळा आकडा बदलतो. मूळचा आणि प्रतीचा आकडा एकच निघाला, की प्रत खरी. आता ते ताडून बघायला एक बटण पुरतं. पण काका प्रतीचा आकडा एखाद्या पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलनं उतरवून घ्यायचे, मला स्क्रीनवरून मूळचा वाचायला लावायचे, चार-चार अक्षरं, आणि प्रत्येक चारांना खूण करून म्हणायचे, “बराबर.” सोळा वेळा. बाहेर पक्षकार ताटकळलेले, माझं डोकं उठलेलं. मी म्हणायची, “काका, मशीनवर विश्वास नाही का?” ते म्हणायचे, “मशीनवर हाय वो. आपल्यावर न्हाई.”

एकदा आमच्या बार असोसिएशनच्या हॉलमध्ये शहरातून एक तरुण वकील व्याख्यानाला आले. मोठ्या कंपन्यांच्या खटल्यात लाखो ई-मेल असतात, ते वाचून पुरावा शोधणारी यंत्रं आता आली आहेत, असं पडद्यावर दाखवत होते. आम्ही माना डोलावत होतो. काका मागच्या खुर्चीवरून उठले. “साहेब, फोन भंगारात गेला तं तुमचं मशीन कोनत्या बाजारात जातं?” सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण ते माझ्याच पक्षकाराबद्दल बोलत होते.

सोनाबाई सेनगावकडच्या एका तांड्यावरची. नवरा गेल्यावर दिरानं कोऱ्या कागदावर तिचा अंगठा घेतला आणि तिची दोन एकर आपल्या नावावर लावायला निघाला. पुढे फोनवर भांडताना त्यानं ते कबूल केलं, आणि फोननं रेकॉर्ड केलं. बाईच्या हाती तेवढा एकच पुरावा. तिनं तो मला पाठवला, आणि थोड्या दिवसांनी तांड्यावर भोंगा लावून मोटारसायकलवाला आला... बंद मोबाईल द्या, टब घ्या. फोनची काच फुटलेलीच होती. बाईनं फोन दिला आणि हिरवा टब घेतला.

“अहो, मूळ फोन लागतो!” मी कपाळावर हात मारून घेतला.

“तुमाला धाडलं होतं न्हवं बाई? मंग फोन काहून ठिवायचा?” ती म्हणाली. तिचं तरी काय चुकलं?

तारीख पंधरा दिवसांवर होती. मी काकांना म्हटलं, प्रमाणपत्रात लिहा की मूळ फोन तुम्ही पाहिला, त्यातूनच प्रत काढली. सही करा. ते म्हणाले, “जे म्या पाह्यलंच न्हाई ते कसं लिहू, ताई?” मी फार वाईट बोलले. तुमच्या या सोवळेपणानं त्या बाईचं शेत जाईल म्हटलं. त्यांनी चष्मा पुसला, सोनाबाईकडून फोनचं रिकामं खोकं मागवून घेतलं, त्यावर छापलेला फोनचा ओळख-नंबर लिहून घेतला आणि खोलीला कुलूप लावून निघून गेले.

तारखेच्या आदल्या दिवसापर्यंत त्यांचा पत्ता नव्हता. मी दुसऱ्या टायपिस्टकडून ते प्रमाणपत्र करून घेतलं. त्यानं वाचलंसुद्धा नाही, सही ठोकली. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी जजसाहेब रजेवर निघाले, तारीख पुढे गेली, म्हणून तो कागद कोर्टात गेला नाही. माझ्या खरेपणामुळे नव्हे.

त्या आठवड्यात काका माझ्या ऑफिसात आले. उन्हानं काळवंडले होते. बाजारामागून बाजार धुंडाळत, भोंगेवाल्याचा माग काढत ते कनेरगाव नाक्याच्या एका भंगारवाल्यापर्यंत पोचले होते. तिथं पोत्यातला एकेक फोन उलटापालटा करून, खोक्यावरच्या नंबराशी ताडून... “घावला,” एवढंच म्हणाले आणि फुटक्या काचेचा फोन टेबलावर ठेवला. तेवढ्यात त्यांची नजर फाईलवरच्या त्या प्रमाणपत्रावर गेली. शांतपणे, ओळ न् ओळ वाचलं. मला वाटलं, आता बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं. “हा कागद नेऊ का?” म्हणाले. मी मान हलवली. फाडतील, असं मी गृहीत धरलं.

फोनला बॅटरी बसवली. रेकॉर्डिंग जसंच्या तसं होतं. त्यांच्या खोलीत बसून मी आकडा वाचला, ते सोळा वेळा ‘बराबर’ म्हणाले आणि मग त्यांनी सही केली. पुढच्या तारखेला दिराच्या वकिलांनी मूळ फोन हजर करा म्हणून अर्ज दिलाच. मी फोन टेबलावर ठेवला. सोनाबाईचं शेत राहिलं. मी मात्र काकांची माफी मागितली नाही. आज मागू, उद्या मागू करत वर्षं गेली.

काकांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर काकूंनी मला थांबवून घेतलं आणि कागदांचा गठ्ठा पुढे केला. “तुमच्या कामाचे हायेत म्हणत होते.” त्यात ते प्रमाणपत्र होतं. ती सही, ती खोटी ओळ. काकू म्हणाल्या, “कागुद फाडायचा न्हाई, पाठकोरा असला तं कामाला येतो, हे त्यायचं रोजचं.” मी कागद उलटला. मागं पेन्सिलनं उतरवलेला आकडा होता, वर ‘सोनाबाई’ लिहिलेलं, आणि चार-चार अक्षरांवर सोळा खुणा. त्या दिवशी मी स्क्रीनकडे बघून वाचत होते, त्यांच्या हातातला कागद कोणता ते मी पाहिलंच नव्हतं. माझं पाप त्यांनी नुसता पाठकोरा कागद म्हणून वापरून टाकलं होतं.

मला काय वाटलं कोण जाणे, मी मोठ्यानं वाचायला लागले. सात, बी, नऊ, ई... आणि सवयीनं थांबले.

चहा गाळता गाळता काकू आतून म्हणाल्या, “बराबर.”

मी दाराकडे बघत राहिले. त्या बाहेर आल्या, कप माझ्या हातात दिला. “मला त्यातलं काय कळतंय माय? पन घरी बसून एकलेच म्हणत ऱ्हायचे. कुठं थांबायचं ते पाठ झालंय.” मग माझ्यासमोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, “वाचा की, पंधरा ऱ्हायले.”