राखेच्या चौकटी

शेख गुरुजींना साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून पुस्तक निघतंय, त्यात माझंही पान हवं, असं मंडळींनी कळवलं. माझी शाळा दुसरीपर्यंत. जमेल तसं लिहिते, कुणी हसायचं नाही.

गुरुजींची पहिली गाठ पडली ती मी भांडत असताना. दसरा झाला होता, आमची टोळी पाथर्डीकडून ऊसतोडीला निघायची होती. सहा घरांचं सामान एका ट्रकमध्ये चढवायचं. म्हणून मी दरसाल अंगणात चुलीतल्या राखेनं चौकटी आखते. एकीत अंथरुणं, एकीत कोयते-दोर, एकीत धान्य, एकीत तवा, पातेली आणि पीठ. तिकडं उतरल्यावर आधी लागतं ते इथं शेवटी चढवायचं. कुणी भलत्या चौकटीत बोचकं टाकलं की मी सोडत नाही.

तेवढ्यात माझ्या पोरीचे, सुनीताचे, हे गुरुजी सायकलवरून आले.

"सखूबाई, सुनीताला नेऊ नका. सातवीचं वर्ष आहे तिचं."

"गुरुजी, तुमीच सांगून धाडता तिला काय कळत न्हाई, आन तुमीच म्हनता ठेवा. चलू द्या उसाला."

खोटं नव्हतं. पोरीला हिवताप विचारला की डास, गोधडी, डबकं, डॉक्टर, हुडहुडी, सगळं एका दमात. लिहायला बसली की तेही नाही, कागद कोरा.

गुरुजी तिच्याकडं बघत उभे राहिले. सुनीता चौकटींत सामान लावत होती, एक चूक नाही. उलट चुलत्यालाच दटावत होती, "नाना, तवा खाली घालू नका. उतरल्यावर भाकरी कशावर भाजू, तुमच्या टाळक्यावर?"

गुरुजी खो खो हसले. माझ्याच चुलीतली राख मागून त्यांनी आणखी तीन चौकटी आखल्या.

"सुनीता, आता हिवताप ट्रकमध्ये चढवायचाय. ही चौकट कशानं होतो त्याची, ही काय होतं त्याची, ही काय करायचं त्याची. लाव."

पोर एकेक खडा ठेवत बोलू लागली. डास इथं. हुडहुडी इथं. डबकी बुजवायची, ते इथं. सगळा धडा लागला.

"हिला कळत नाही कोण म्हणतं?" गुरुजी म्हणाले.

"तुमीच म्हनत हुता की!"

"चुकलंच माझं." अख्ख्या टोळीसमोर म्हणाले. एवढ्या वर्षांचे मास्तर, पण लाजले नाहीत. म्हणून पोर मागं ठेवली, माझ्या जावेकडं. गुरुजी दर सांजेला तिथं सायकल थांबवून "जेवलीस का?" विचारायचे आणि मगच घरी जायचे.

माघात आमच्या अड्ड्यावर, म्हणजे टोळीच्या खोप्या असतात तिथं, सुनीताचं पत्र आलं. एरवी पत्र मुकादम वाचायचा, अर्धं कागदावरचं, अर्धं त्याच्या मनचं. हे उघडलं तर चार चौकटी. तब्येत, शाळा, शेळ्या, येताना काय आणायचं. प्रत्येकीत दोन-तीनच शब्द. मी स्वतः वाचलं. बोट ठेवून, पण स्वतः. 'काळी व्याली, दोन करडं' वाचून अशी ओरडले की साप निघाला म्हणून टोळी धावली.

सुनीता सातवी पास झाली. आता अकरावीला पाथर्डीला जाते. गुरुजी निवृत्त झाले, तरी ऊसतोडीवरून परतलेली, धडे मागं पडलेली पोरं त्यांच्या ओट्यावर चौकटी आखत बसलेली असतात. गुरुजी सगळ्यांना सांगतात, ही युक्ती सखूबाईंची. गुरुजी, असं सांगत जाऊ नका. मी नुसती ओरडत होते, बघितलं तुम्ही.

हे पान लिहायलाही सुरुवात सुचेना, तर सुनीतानंच कागदावर चौकटी आखून दिल्या. पहिली गाठ, काम, माया. तिन्ही भरल्या. चौथीवर तिनं लिहिलंय, 'गुरुजींची शंभरी'. ती मी कोरी ठेवलीय. गुरुजींनी धडधाकट राहून, सायकलवरून आमच्या अंगणात येऊन, स्वतःच्या हातानं भरायची. राख मी देईन. आणि वेळेत आला नाहीत तर तुम्हांलाही सोडणार नाही.